गाडी गेली, नाव राहिले

१/ जव्हारच्या मुकणे राजांना नऊ तोफांची सलामी होती, इंदूरच्या होळकरांना एकोणीस. १९४८ साली जव्हार मुंबई प्रांतात आणि इंदूर मध्य भारतात विलीन झाले. त्यानंतर दोन्ही राजघराण्यांपुढे एकच प्रश्न उभा राहिला : राज्य गेले, आता राजवाड्यातील वस्तूंचे काय? होळकरांच्या एका मोटारीच्या कथेत या प्रश्नाचे एक उत्तर सापडते.

२/ दुसरे यशवंतराव होळकर १९२६ साली गादीवर आले. त्यांची दृष्टी अत्यंत आधुनिक होती. जर्मन वास्तुकार एकार्ट मुथेसियस यांच्याकडून त्यांनी इंदुरात माणिकबाग हा राजवाडा उभारून घेतला. त्याच अभिरुचीतून त्यांनी अमेरिकेतील ड्यूसनबर्ग कंपनीची ‘एसजे’ चासी घेतली आणि लंडनच्या गर्नी नटिंग यांच्याकडून तिच्यावर दोन आसनांची देखणी बॉडी चढवून घेतली. १९३६ साली गाडी सिद्ध झाली.

३/ आठ सिलिंडर, सुपरचार्जर, ३२० अश्वशक्ती. रंग नारिंगी आणि काळा. समोर तांबडे व निळे दिवे होते. गाडीत महाराज आहेत की महाराणी, हे दिव्याच्या रंगावरून रस्त्यावरच्या पोलिसाला कळावे, अशी ती योजना होती.

४/ १९३७ साली ड्यूसनबर्ग कंपनी बंद पडली. या मालिकेच्या गाड्या पाचशेही झाल्या नव्हत्या. विलीनीकरणानंतर संस्थानिकांचे उत्पन्न आटले, तशी त्यांच्या गॅरेजांकडे परदेशी संग्राहकांची नजर वळली. १९७१ च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने तनखेही संपले. होळकरांची ड्यूसनबर्ग अमेरिकेत गेली. माणिकबागेतील फर्निचरचा १९८० साली मोनॅकोत लिलाव झाला.

५/ आज जगभरचे जाणकार या गाडीला ‘इंदूरच्या महाराजांची ड्यूसनबर्ग’ म्हणूनच ओळखतात. घराण्याच्या नावाने तिचे मोल वाढले, पण घराण्याशी तिचा संबंध उरला तो नावापुरताच. त्या दिव्यांकडे पाहून वाट मोकळी करणारा पोलीस तिथे कुठून असणार?

६/ आता कोल्हापूर पाहा. छत्रपती राजाराम महाराजांची मेबॅक आजही दसऱ्याला बाहेर पडते. सोने लुटण्यासाठी दसरा चौकात जमलेले लोक तिची वाट पाहत असतात. मेबॅकही दुर्मीळच, तिलाही मोठी किंमत आली असती. मात्र वर्षातून एक दिवस तिला नेमून दिलेले काम आहे, आणि त्या दिवशी ती दिसली नाही, तर सारे गाव विचारील.

७/ जव्हारमध्येही राजसत्ता गेली, तरी संस्थानकाळापासूनचा दसरा लोकांनी टिकवला. तो मुकण्यांचा होता, तसाच कुस्तीच्या फडाचा आणि तारपा वाजवणाऱ्यांचाही होता. ड्यूसनबर्ग मात्र एका रसिक राजाची खाजगी हौस होती. तिच्यावर गावाचा हक्क सांगणारा असा एकही दिवस इंदूरच्या पंचांगात नव्हता.