आईचं दुसरं नाव

आमच्या घरी कुठलाही ऑनलाइन फॉर्म निघाला की तो माझ्याकडे येतो. गॅसचं केवायसी, काकांचा हयातीचा दाखला, भाचीचा कॉलेजप्रवेश, सगळं. सॉफ्टवेअरमध्ये आहे म्हटल्यावर एवढं यायलाच हवं, असा बडोद्यातल्या आमच्या सगळ्या नातेवाइकांचा समज आहे. त्यामुळे 2024 च्या उन्हाळ्यात आईला घेऊन लंडन आणि एडिंबरा बघायला जायचं ठरलं, तेव्हा तिघांचे व्हिसाचे अर्ज मीच भरणार हे ओघानं आलंच.

ब्रिटनच्या पर्यटक व्हिसाचा अर्ज ऑनलाइन भरायचा असतो. प्रवासाच्या फार तर 3 महिने आधी तो करता येतो. सहा महिन्यांच्या व्हिसाची फी तेव्हा माणशी 115 पौंड होती. प्रत्येकाचा अर्ज वेगळा. तो सरकारच्या स्वतःच्या साइटवरच भरावा. सर्च केल्यावर वर दिसणाऱ्या जाहिरातींत दलालांच्या साइटही असतात. एकदम सगळं भरायची घाई नसते, अर्धवट अर्ज सेव्ह करून दुसऱ्या दिवशी पुढे नेता येतो.

माझा आणि बायकोचा अर्ज एका संध्याकाळी उरकला. आईचा तिसरा. ती स्वयंपाकघरात दुसऱ्या दिवशीच्या उपासाचा साबुदाणा भिजवत होती आणि मी बाहेरच्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसलो होतो. पासपोर्ट हातात होताच. नाव, जन्मतारीख, जन्मगाव धुळे, पत्ता. मला आईबद्दल सगळं माहीत आहे, तिला कशाला विचारायचं?

पहिला अडथळा आला तो कामधंद्याच्या प्रश्नाला. नोकरी, स्वतःचा व्यवसाय, विद्यार्थी, निवृत्त, बेरोजगार, असे पर्याय होते. गृहिणी नव्हतंच. मी आतूनच ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "आई, तुझं बेरोजगार लिहू का?"

ती हात पुसत बाहेर आली. "पंचेचाळीस वर्षं घर चालवलं ते बेरोजगार म्हणून?"

दुसरा पर्याय नव्हता, म्हणून तेच निवडलं. पुढच्याच पानावर इतर उत्पन्न आणि बचत विचारली होती. तिथे बाबांच्या मागे तिला मिळणारं फॅमिली पेन्शन आणि तिच्या नावावरच्या एफडी आल्या. प्रवासाचा खर्च कोण करणार, या प्रश्नाला मी माझं नाव टाकणार होतो. ती म्हणाली, "माझा खर्च मी करणार. लिही तसं." मग ती तिथेच खुर्ची ओढून बसली. फॉर्मची तिला आता गंमत वाटायला लागली होती. दहशतवादी कारवायांत तुमचा कधी सहभाग होता का, हा प्रश्न मी वाचला तेव्हा ती इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं.

शेवटी सगळी उत्तरं एकत्र तपासायचं पान आलं. रात्रीचे साडेअकरा झाले होते. मी भराभर मराठीत वाचून दाखवत होतो. "दुसऱ्या कुठल्या नावानं तुम्हाला कधी ओळखलं जात होतं का? नाही."

"थांब," आई म्हणाली. "नाही काय? होतं ना. कुसुम."

मी तिच्याकडे बघत राहिलो. माझी आई शरयू. पासपोर्टवर शरयू, आधारवर शरयू, बँकेत शरयू. धुळ्याचा मामा तिला 'कुशी' म्हणतो हे मी लहानपणापासून ऐकत आलो होतो, पण ते लाडाचं नाव असेल असं मी गृहीत धरलं होतं. कधी विचारलंच नव्हतं.

1979 साली ती लग्न होऊन बडोद्याला आली. थोरल्या काकूंचं नावही कुसुम. एका घरात दोन कुसुम कशा चालणार? धाकटीनं नाव बदलायचं ठरलं. ताटात तांदूळ पसरले आणि त्यात बाबांनी अंगठीनं नवं नाव लिहिलं. "मला बाजूला बसून उलटं दिसत होतं," आई म्हणाली. "नीट वाचता आलं नाही. सगळ्यांनी मोठ्यानं म्हटलं तेव्हा कळलं मी कोण झाले ते."

"वाईट वाटलं होतं?"

"त्या वेळी सगळ्यांचंच बदलायचे. वाईट वाटून घ्यायचं असतं हेच माहीत नव्हतं. पण पहिली दोन वर्षं कुणी शरयू म्हणून हाक मारली की मी मागे वळून बघायचे, दुसरं कुणी आहे का म्हणून. आणि कुणी कुसुम म्हटलं की ओ द्यायला तोंड उघडायचे, तर हाक थोरल्या जाऊबाईंना असायची."

मी 'नाही' पुसून 'होय' केलं. खाली नवे रकाने उघडले. पहिलं नाव, आडनाव. तिचं माहेरचं आडनाव मला माहीत होतं, तरी तिला विचारून एकेक अक्षर टाकलं. ती चष्मा लावून स्क्रीनकडे बघत होती.

हे फक्त भावनेचं नाही, म्हणून इथे सांगतो. अशा अर्जात माहिती मुद्दाम लपवली किंवा खोटी दिली असं ठरलं, तर व्हिसा नाकारला जातो आणि पुढची 10 वर्षांपर्यंतही अडचण होऊ शकते. नजरचुकीची गोष्ट वेगळी, पण चूक नजरेची होती हे मग आपल्यालाच पटवून द्यावं लागतं. आपल्या आया, मावश्या, आत्या यांच्यापैकी कितीतरी जणींचं लग्नात नाव बदललेलं आहे. पासपोर्टवर एक आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरं. आपण अर्ज भरायला बसतो आणि प्रत्येक 'कधी होतं का?' या प्रश्नाला सवयीनं 'नाही' दाबत जातो. त्यांना शेजारी बसवा आणि प्रश्न त्यांच्या भाषेत वाचून दाखवा. वेळ दुप्पट लागेल, लागू दे.

बोटांचे ठसे आणि फोटो द्यायला आम्ही अहमदाबादला गेलो. एक्स्प्रेस वेवर आई सबंध वेळ धुळ्याच्या शाळेबद्दल, तिच्या मैत्रिणींबद्दल बोलत होती. त्यातली निम्मी नावं मी पहिल्यांदा ऐकली. सुमारे तीन आठवड्यांनी पासपोर्ट परत आले. व्हिसाच्या स्टिकरवर अर्थातच शरयू होतं.

त्या रात्री मी सगळे कागद स्कॅन करून तिच्या नावाच्या फोल्डरमध्ये ठेवत होतो. आई कपाटातून एक प्लास्टिकची पिशवी घेऊन आली. आत घडीवर फाटत आलेला शाळा सोडल्याचा दाखला होता. शाईनं लिहिलेलं 'कुसुम' अजून स्वच्छ वाचता येत होतं.

"व्हिसाला लागला नाही हा," मी म्हणालो.

"नसेल लागला. पण हाही ठेव त्यात."