शिखरजीच्या वाटेवरचे सालवन

फाल्गुनातील अष्टाह्निका पर्व संपून तीन दिवस झाले होते. पहाटे अडीच वाजता मधुबनच्या धर्मशाळेतून आम्ही वंदनेस निघालो. आईचे वय ७६, म्हणून तिच्यासाठी डोली ठरविली होती. शिखरजीची ही वाट आपल्यापैकी अनेकांच्या पायांना ठाऊक आहे: ९ किलोमीटर चढण, ९ किलोमीटर टोंकांची वंदना आणि ९ किलोमीटर उतरण. चढताना काळोख असतो. दृष्टी पावलांपुरती असते आणि ओठांवर नाम असते. त्यामुळे यापूर्वी दोनदा येऊनही, ज्या वनातून ही वाट जाते ते वन मी कधी पाहिलेच नव्हते. या खेपेस ते उतरताना पाहिले.

सुमारे १३६५ मीटर उंचीवरील पार्श्वनाथ टोंकाचे दर्शन घेऊन आम्ही परतलो. गंधर्व नाल्याच्या अलीकडे डोलीवाल्यांनी विसाव्यासाठी डोली टेकविली. वर पाहिले तो सरळ उंच खोडांवर कोवळी, तांबूस पालवी झळकत होती आणि फिकट पिवळसर फुलांचे घोस लोंबत होते. हा साल. आपल्या सह्याद्रीत हा वृक्ष नाही, म्हणून डोळ्यांना त्याची ओळख नसते. एका खोडावरील जुन्या खाचेतून डिंकासारखा स्राव ओघळून वाळला होता. मी त्याचा खडा उचलून आईच्या हाती दिला. तिने वास घेतला आणि म्हणाली, "अरे, ही तर आपली राळ!"

आमच्या दुकानात तीन पिढ्या राळ विकली जाते. धुपासाठी, मलमासाठी लोक ती नेतात. ती सालाची असते हे मी भावफलकावर लिहिण्यापुरते जाणत होतो. झाडाला ती कशासाठी हवी असते, हा प्रश्न मात्र मला कधी पडला नव्हता. सालाच्या खोडात शिरणारा एक भुंगा आहे. त्याच्या अळ्या लाकूड पोखरतात. झाड सशक्त असले तर ते राळ सोडून अळ्यांना बुडवून टाकते. दुबळे झाले की ही ढाल अपुरी पडते. १९९०च्या दशकाच्या अखेरीस मध्य प्रदेशातील मंडला परिसरात या भुंग्याने लाखो साल वृक्षांना ग्रासले होते. ज्या वस्तूचा आपण भाव करतो, ती त्या झाडाची संरक्षक भिंत आहे.

आमचा वयस्क डोलीवाला संथाळ समाजाचा होता. या पर्वतास त्याचे लोक मरांग बुरू म्हणून पूजतात. त्याने सांगितले, "माताजी, आमचा बाहा सण होईपर्यंत आम्ही सालाचे नवे फूल तोडत नाही, माळत नाही." आईने हात जोडले. संयमाची भाषा तिला समजावून सांगावी लागत नाही.

या फुलांची बीजे ज्येष्ठ-आषाढात पिकतात. प्रत्येक बीजाला पाच पात्यांचे पंख असतात आणि वाऱ्यावर गिरक्या घेत ते खाली येते. धान्याच्या बियाण्याप्रमाणे ते कोठारात ठेवता येत नाही. त्याची उगवणशक्ती जेमतेम आठवडाभर टिकते. तेवढ्या दिवसांत त्याला ओली माती लाभली तर अंकुर फुटतो, नाहीतर ते बीज वाया जाते. शेकडो वर्षे पाऊस आणि बीज यांची ही भेट ठरल्यासारखी घडत आली. आता हवामान बदलते आहे. मृगाच्या सरी लांबल्या, किंवा पहिल्या पावसानंतर मोठा खंड पडला, तर त्या वर्षीचे बीज किंवा त्याचा कोवळा अंकुर करपून जातो. मोठी झाडे उभी असतात, म्हणून वन भरलेले दिसते. पण त्याची पुढची पिढी मातीत उतरलेली नसते. भरलेले दुकान आणि वारस नाही, असा हा प्रकार आहे.

जे रोप जगते त्याची तपश्चर्याही विलक्षण असते. सावलीत त्याचा शेंडा वारंवार वाळतो, पण मूळ जिवंत राहते आणि पुन्हा नवा कोंब देते. असे कितीतरी वर्षे चालते. वर प्रकाशाची वाट मोकळी झाली की मगच ते सरळ वाढू लागते. पण वणवा दरवर्षी आला तर कोंब दरवर्षी जळतो आणि ही प्रतीक्षा संपतच नाही. पुढच्या वळणावर काळी पडलेली जमीन दिसली. मोहाची फुले वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवितात. पोटासाठी केलेली ती लहानशी आग वाऱ्याने पसरते.

वेचणाऱ्या गरिबास दोष देऊन आपण मोकळे होऊ शकत नाही. गयेहून येताना आमची गाडी थांबवून धनबादकडून कोळशाच्या मालगाड्या पुढे सोडल्या जात होत्या. तोच कोळसा आपल्या दुकानांचे दिवे लावतो आणि हवाही तापवितो. शिवाय त्याच वाटेवर पाण्याच्या बाटल्या आणि खाऊची रिकामी वेष्टने पडली होती. ती आम्हा यात्रेकरूंचीच होती. ज्या बीजाजवळ आठवडाभराचाच अवधी आहे, ते प्लास्टिकवर पडले तर मातीपर्यंत पोहोचणार कधी?

ऑगस्ट २०१९ मध्ये केंद्र सरकारने पारसनाथ व तोपचाँची अभयारण्यांभोवतीचा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला. त्यातील पर्यटनविषयक तरतुदींविरुद्ध समाजाने देशभर आवाज उठविला आणि ५ जानेवारी २०२३ रोजी त्या तरतुदींना स्थगिती मिळाली. पर्वताचे पावित्र्य राखावे म्हणून आपण रस्त्यावर उतरलो, हे योग्यच झाले. परंतु पर्वत म्हणजे केवळ टोंके नव्हेत. भगवान महावीरांना ऋजुवालिकेच्या तीरी सालवृक्षाखालीच केवलज्ञान झाले. वृक्षही एकेंद्रिय जीव आहे, हे आपण मुलांना पाठशाळेत शिकवितो. मग टोंकांपर्यंत नेणारे हे वन तीर्थाबाहेरचे कसे?

उतरताना एक गोष्ट मनात आली. सालाचे बीज मातीत उतरते आणि थोड्याच दिवसांत चातुर्मास सुरू होतो. पावसाळ्यात पावलोपावली जीव उगवतो, म्हणून साधू-साध्वी विहार थांबवितात. आपणा गृहस्थांकडून एवढी अपेक्षा नाही. पण जेवढे घेऊन वर चढलो तेवढे खाली आणणे, आणि वाट सोडून कोवळ्या रोपांवर पाय न देणे, हे सहज जमण्यासारखे आहे.

मधुबनला पोहोचल्यावर आईने पिशवी उघडली. वाटेत वेचलेल्या अकरा रिकाम्या बाटल्या तिने डोलीत पायाशी ठेवून खाली आणल्या होत्या. राळेचा खडा मात्र पिशवीत नव्हता. तो तिने त्याच झाडाखाली परत ठेवला होता.