पायउतार

घोड्यावरून पडलेल्या माणसाला गावात दोन प्रकारची सहानुभूती मिळते. एक पाय मोडल्याची. ती आठवडाभर टिकते. दुसरी, ‘या वयात घोडा हवा होता कशाला?’ ही. ती पाय सांधला तरी संपत नाही.

आमचे होटगी हे रेल्वेचे जंक्शन. मुंबई-चेन्नई मार्गाला इथेच विजापूर-गदगकडची वाट फुटते. पूर्वी तिकडचा रूळ मीटर गेजचा होता आणि गाडी बदलण्यासाठी माणसांना इथे उतरावेच लागे. आता तेही रूळ रुंद झाले. तरी जंक्शनपण काही गेलेले नाही. दिवसरात्र शिट्ट्या चालूच असतात. अशा गावात मास्तरकीतून निवृत्त झालेल्या माणसाने बुजरी घोडी पाळावी, हे शहाणपणाचे नव्हे, एवढे मीही कबूल करतो. पण लहानपणापासून इच्छा होती आणि घोडी भीमथडी वळणाची होती. ‘भीमथडीचे तट्टू’ हा शब्द आपण पुस्तकात वाचतो. मी तर भीमेच्या मुलखातलाच. कर्नालच्या राष्ट्रीय संस्थेने अलीकडे भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली, तेव्हा तर मला घरचेच कोणी परीक्षेत पहिले आल्यासारखे वाटले होते.

चैत्रातल्या एका संध्याकाळी मी रुळांजवळच्या वाटेने चाललो होतो. मालगाडीने शिटी दिली, घोडी बुजली, तिला आवरायला मी लगाम खेचला आणि खाली आलो. निदान सर्वांना मी असेच सांगितले. नडगीचे हाड मोडले, आत सळई बसली, सहा आठवडे पाय टेकायचा नाही आणि दसऱ्यापर्यंत तो रिकिबीत घालायचा नाही, असा डॉक्टरांचा हुकूम झाला. सौ.चा हुकूम त्याहून थोडक्यात होता : “दिवाळीला अकलूजच्या बाजारात घोडी द्यायची.”

दिवाळीच्या सुमारास भरणारा अकलूजचा घोडेबाजार मला ठाऊक होता. तिथले लोक जनावराच्या कानांवरून त्याचे चरित्र वाचतात. बुजऱ्या घोडीला तिथे कोण किंमत देणार? तेव्हा ती विकण्याजोगी करण्यासाठी, केवळ त्यासाठी, मी आषाढात काठी टेकत ठाणापाशी गेलो.

पहिले पंधरा दिवस फजितीचे गेले. मी दोर ओढी, ती मान वर करी. मी जोर लावी, ती चार पायांनी जमीन धरी. घोड्याच्या आणि माणसाच्या रस्सीखेचीत कोण जिंकणार, हे सांगायला पंच लागत नाही.

शेवटी अज्जा आले. एकेकाळी सोलापुरात टांगा चालवलेले हे गृहस्थ आता ऐंशीच्या घरात आहेत. मराठी माझ्याशी बोलतात, कानडी घोडीशी. घोडीला कानडी अधिक समजते, ही गोष्ट मास्तरला लागणारच. “निल्लु” म्हटले की ती थांबे. मी “थांब” म्हटले की एक कान हलवी.

“मास्तर, काठी उचलू नका,” ते म्हणाले. “टेकलेली हाय तवर ती तुमचा पाय. उचलली की चाबूक.”

मग त्यांनी मला कावा शिकवला. हा शब्द आपल्याला ‘गनिमी कावा’मुळे माहीत. पण कावा म्हणजे मुळात घोड्याला गोल फिरवणे. लांब दोर घ्यायचा, आपण मध्ये उभे राहायचे आणि घोड्याने भोवती वर्तुळ धरायचे. त्यातली खुबी दोरात नाही, आपण कुठे उभे राहतो यात आहे. तिच्या खांद्याच्या जरा मागे सरकलो की ती चाल धरते. खांद्याच्या पुढे पाऊल टाकले की मंदावते. घोड्याचे डोळे बाजूला असल्यामुळे त्याला जवळजवळ चहूकडचे दिसते. नाही दिसत ते कपाळाच्या अगदी समोरचे आणि शेपटीमागचे. मी आजवर नेमका तिच्या कपाळासमोर उभा राहून ओढत होतो! दोराचा ताणही तिने एक पाऊल टाकताक्षणी सोडायचा. त्या सोडण्यातूनच तिला कळते की आपले बरोबर आहे. क्षणभर उशीर झाला की तो धडा वाया. तीस वर्षे मुलांना शिकवले, पण उत्तर बरोबर आल्यावर ताबडतोब दोर सैल करावा, हे मला कुणी सांगितले नव्हते.

मोडक्या पायाचा एक उपयोग झाला. मला घाई करता येईना. मी दोन पावले टाकून थांबे, तीही थांबे. पुढे पुढे दोर सैल असतानाही ती माझ्या लंगडण्याच्या बेताने चालू लागली.

त्या वर्षीची वारी मी दूरचित्रवाणीवरच पाहिली. पुरंदवडे, खुडूस, वाखरी, सगळी रिंगणे आमच्याच जिल्ह्यातली. अंकलीहून येणारा तो माउलींचा अश्व, पाठीवर कुणी नाही, लगाम ओढणारा हात नाही आणि भोवती एवढा जनसागर. पूर्वी मी फक्त हात जोडत असे. या खेपेला त्याच्या कानांकडे पाहत बसलो.

श्रावणात आम्ही शिट्टीचा धडा घेतला. रुळांपासून इतक्या लांब उभे राहायचे की गाडी आली तर घोडीचे फक्त कान वळावेत. मान खाली आली, ओठ चघळले, की परत फिरायचे. चार दिवसांनी दहा पावले पुढे. पावसात काळी जमीन पायाला धरून ठेवी आणि दहाची पाचच होत.

असेच एकदा परतताना अज्जांनी सहज विचारले, “मास्तर, त्या दिवशी शिटी आधी झाली का लगाम आधी वढला?”

“शिटी,” मी म्हणालो.

ते काही बोलले नाहीत. घोडीचा ओठ हलकेच वर करून त्यांनी तोंडाचा कोपरा दाखवला. कातडी निबर होऊन पांढरी पडली होती. तो एका दिवसाचा ओरखडा नव्हता.

खरी गोष्ट अशी, की गाडी येताना दिसली आणि भ्यालो तो मी. शिटी व्हायच्या आत मी दोन्ही हातांनी लगाम हिसकला. घोडी उभी झाली ती त्या दुखण्याने. शिटी नंतर झाली. पाच महिने गावभर मी तिची बदनामी करत होतो. तिला मराठी येत नाही, हे बरेच म्हणायचे.

रात्री सौ.ला सांगितले. तिने बराच वेळ तांदूळ निवडले. मग म्हणाली, “मग गिऱ्हाइकाला काय सांगणार?”

गिऱ्हाईक घटस्थापनेलाच घरी आले. अकलूजची वाट पाहायला तयार नव्हते. दात पाहिले, खूर पाहिले, कावा पाहिला. त्याच वेळी सोलापूरकडून गाडी आली, शिटी झाली. घोडीने कान वळवले आणि पुन्हा माझ्या खांद्याकडे लावले.

“खोड काय हाय?” त्यांनी रिवाजाप्रमाणे विचारले.

“होती,” मी म्हणालो. “पण घोडीला नव्हे.”

ते माझ्या काठीकडे आणि घोडीकडे आळीपाळीने पाहत राहिले. दिवाळीच्या आत येऊन सांगतो, म्हणून गेले.

दसऱ्याला घोडीला न्हाऊ घातले, झेंडूची माळ घातली. डॉक्टरांची मुदत संपली आहे. रिकिबीत पाय घालायला आता कुणाची ना नाही. खोगीर खुंटीवर आहे. मी अजून ते काढलेले नाही. संध्याकाळी सौ.ने हरभरे भिजत घातले, ते रोजच्यापेक्षा जास्त दिसले. मी विचारले नाही.