पुठ्ठ्याआड गेलेला चित्रकार

आमच्या माळ्यावर जुन्या दिवाळी अंकांचीं जाड पुठ्ठ्यांत बांधलेलीं बाडें आहेत. गेल्या गणपतींत तीं झाडण्यास खालीं काढलीं, तेव्हां सूनबाईंनीं विचारलें, "मामंजी, 'दीपावली'चीं मुखपृष्ठें कोठें गेलीं?" आम्हांस ओशाळल्यासारखें झालें. तरुणपणीं आमच्याच सांगण्यावरून बांधणावळ करणाऱ्यानें तीं फाडून टाकलीं होतीं. मजकूर तेवढा राखावयाचा, चित्राचें काय, अशी त्या वेळची आमची रसिकता!

तीं चित्रें दीनानाथ दलालांचीं. १९१६ सालीं गोमंतकांत जन्मलेल्या दलालांनीं मुंबईंत चित्रकलेचें शिक्षण घेतलें आणि १९४५ सालीं 'दीपावली' काढला. चित्रकारानेंच अंक चालवावा व त्यांत साहित्यासही मानाचें पान द्यावें, ही गोष्ट आजही थोडी नवलाचीच वाटते.

त्या काळीं रंगीत चित्र छापणें सोपें नव्हतें. मूळ चित्रावरून प्रत्येक रंगाचा निराळा ठसा करावयाचा व ते एकावर एक बरोबर बसवावयाचे. ठसा केसभर सरकला कीं नायिकेच्या ओठांचा रंग हनुवटीवर उतरे! दलालांची ठसठशीत रेषा मात्र अशा छपाईंतूनही तगून राही. कथेच्या माथ्यावर चार फटकाऱ्यांत उभी केलेली एखादी पाठमोरी स्त्री पाहिली, कीं कथा सुखाची कीं दुःखाची, हें वाचण्यापूर्वींच उमगे. मुखपृष्ठांवरील त्यांच्या स्त्रिया आम्हांस क्वचित् फारच देखण्या वाटतात, हेंही सांगून टाकतों. पण तेवढ्यावरून त्यांस 'बाजारी' म्हणून मोडींत काढणारे आमच्या बैठकींत पुष्कळ होते, आणि आम्हीं त्यांस कधीं हटकलें नाहीं. ज्या घरांत चित्रप्रदर्शनास जाण्याची चालच नव्हती, तेथें रंग पाहण्याची दृष्टि याच मुखपृष्ठांनीं दिली, हें आम्हांस फार उशिरां कळलें. दलाल तर १९७१ सालींच गेले.

एक मुखपृष्ठ मात्र वांचलें आहे. आमच्या मातोश्रींनीं तें रद्दींतून उचलून आपल्या पत्र्याच्या ट्रंकेच्या झांकणास आंतून खळीनें चिकटविलें होतें. कडा तांबूस झाल्या आहेत. कुंकवाचा लाल रंग अद्याप तसाच आहे. ती ट्रंक सूनबाईंनीं परवां आपल्या खोलींत नेऊन ठेवली.