मुदत नसलेली देणगी

केळापूर तालुक्याचा मुलूख 1853 मध्ये निजामाने वऱ्हाडाबरोबर इंग्रजांच्या हवाली केला, तेव्हा तिथे जंगल फार आणि वस्ती विरळ. सरकारला वसूल हवा होता, पण कसणारे हात नव्हते. म्हणून 1865 च्या पडीक जमिनींच्या नियमांखाली आजच्या यवतमाळ जिल्ह्यातली ओसाड गावेच्या गावे दीर्घ मुदतीच्या इजाऱ्याने दिली गेली. इजारदाराने कुळे आणावीत, रान मोडून शेत करावे. पोर्तुगालच्या राजाने हाच हिशेब 1534 पासून ब्राझीलमध्ये मांडला होता. किनारा 15 पट्ट्यांत कापून 12 जणांना दिला, तोही वंशपरंपरेने. जमिनीबरोबर न्यायनिवाडा आणि अंमलदार नेमण्याचा अधिकारही गेला. त्याच वर्षअखेर गुजरातचा सुलतान बहादूरशाहाकडून पोर्तुगीजांना मिळालेल्या वसईच्या मुलखातही गावे बहुधा तीन हयातींच्या बोलीने दिली जात. धारकाने खंड भरावा, घोडा आणि हत्यारबंद माणसे बाळगावीत, ही अट.

कोणी म्हणेल, खजिना रिकामा असताना राजाने दुसरे काय करायचे? दुआर्ते कोएल्योने ब्राझीलमधल्या पेर्नांबुकोच्या पट्ट्यात साखरेचा धंदा उभा केला, तो या सनदेच्याच जोरावर. खरे आहे. पण त्या भरभराटीत गुलामांचे कष्ट होते, आणि बहुतेक पट्टे फसले. अखेर 1549 मध्ये राजाला तोमे द सोझाला गव्हर्नर करून पाठवावेच लागले. वसईतही घोडेस्वारांच्या अटीने मुलूख वाचला नाही. 1739 मध्ये चिमाजीअप्पांनी किल्ला घेतला. खाजगी माणूस गाव वसवू शकतो, यात वाद नाही. मात्र वसवण्याचा मोबदला म्हणून त्याच्या नातवाला राज्य करण्याचा हक्क का मिळावा, याचे उत्तर भरभराटीच्या आकड्यांत सापडत नाही.

आपल्याकडे रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्राने वतनदारांबद्दल हीच धास्ती नोंदवली आहे. केळापूरच्या बाजूचा इजारा त्या मानाने सौम्य: दिवाणी-फौजदारी न्याय सरकारी कचेरीतच राहिला. तरीही असे मालकी हक्क मोडायला 1950 चा मध्य प्रदेशचा कायदा लागला, आणि वंशपरंपरागत पाटीलकी 1962 च्या कायद्याने गेली. देताना एक सनद पुरते, काढून घेताना विधिमंडळ बसवावे लागते. म्हणून आजही सरकार एखादा प्रदेश विकासासाठी कोणाच्या हाती सोपवते, तेव्हा गुंतवणुकीच्या रकमेआधी दोन कलमे वाचावीत: मुदत कधी संपते, आणि तिथल्या माणसाने दाद कोणाकडे मागायची.