घंटा मेंढ्यांच्या होत्या तेव्हा

इटलीचा कार्निव्हल म्हटलं की आपल्याला आठवतं ते व्हेनिस. सोनेरी मुखवटे, रेशमी झगे, कालव्यातून जाणाऱ्या नावा. गंमत अशी की व्हेनिसचं प्रजासत्ताक 1797 मध्ये बुडालं तसा तिथला कार्निव्हलही मोडीत निघाला होता. आज दिसतो तो 1970च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा उभा केलेला. मधल्या जवळपास दोन शतकांत हा सण खेड्यापाड्यांतही जगला, जिथे बघायला बाहेरचं कुणी येत नव्हतं. आणि खेड्यातला कार्निव्हल देखणा वगैरे नसतो. तो चक्क भीतिदायक असतो.

सार्डिनिया बेटाच्या मध्यावर बार्बाजा नावाचा डोंगराळ मुलूख आहे. साऱ्या बेटावरच माणसांपेक्षा मेंढ्या जास्त, आणि या भागात तर मेंढपाळी हाच पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा. तिथल्या मामोयादा या अडीचेक हजार वस्तीच्या गावात 17 जानेवारीला, संत अंतोनियोच्या दिवशी, कार्निव्हलची सोंगं वर्षातून पहिल्यांदा बाहेर पडतात. काळी सोंगं म्हणजे मामुथोनेस. त्यांना पुढे-मागे सांभाळत नेणारे, तांबड्या कुडत्यातले इस्सोहादोरेस.

मामुथोनेस व्हायला एकट्याने जमत नाही, दुसरा माणूस लागतो. आधी मखमली कापडाचे जाडे कपडे. त्यावर काळ्या मेंढीचं केसाळ कातडं. मग पाठीवर घंटांचा जुडगा चढवायचा आणि चामड्याचे पट्टे छातीवरून आवळायचे. बांधणारा गुडघा टेकवून पट्टा ओढतो, कारण सैल राहिला तर घंटा घसरतात आणि पाठ सोलून निघते. आवळला की श्वास पुरता आत जात नाही. या जुडग्याचं वजन भरतं पंचवीस किलोच्या वर, म्हणजे वाण्याकडची तांदळाची अख्खी गोणी पाठीवर. शेवटी तोंडावर लाकडी काळा मुखवटा, विसेरा. उंच गालफडं, लांब नाक, वाकडं तोंड. त्यावर टोपी, आणि टोपीवरून हनुवटीखाली गाठ मारलेला बाईमाणसाचा तपकिरी रुमाल. एवढं झालं की माणूस बोलायचा बंद होतो. सोंग उतरेपर्यंत अवाक्षर नाही.

बारा जण दोन रांगांत उभे राहतात. छोटं पाऊल, खांद्याला हिसका, आणि बाराही पाठींवरच्या घंटा एकदमच वाजतात. ना गाणं, ना वाजंत्री. तो ठोका आधी ऐकू येतो आणि माणसं नंतर दिसतात.

जुन्या काळी या घंटांसाठी कुणी बाजारात गेलं नव्हतं. त्या कळपाच्याच. तोनारा गावचे कारागीर लोखंडी पत्रा ठोकून त्या घडवत. प्रत्येकीचा नाद वेगळा, आणि धुक्यात कळप पांगला तरी कोणती मेंढी कुठे आहे ते मेंढपाळाला नुसत्या कानाने कळे. आतली जीभ हाडाची असे, गाढवाच्या नाही तर घोड्याच्या. कातडं घरच्याच मेंढीचं. मुखवट्याचं लाकूड रानपेअरचं, अंजिराचं नाही तर अल्डरचं, म्हणजे कुंपणाला आणि ओढ्याकाठी जे मिळेल ते. वर्षभर जे हाताखाली असायचं तेच चार दिवस अंगावर चढायचं. सोंगासाठी म्हणून वेगळी वस्तू अशी मुखवट्यापलीकडे फारशी नव्हतीच.

आज उलट आहे. मुखवटा कोरणारे कारागीर गावात कार्यशाळा मांडून बसलेत, आणि त्यांचं काम सोंग घेणाऱ्यांकडे जातं तसंच दिवाणखान्यांच्या भिंतींवरही जातं. यात वाईट काही नाही. कोरीवकाम सफाईचं झालंय, लाकूड पारखून घेतलं जातं. पण जुने मुखवटे संग्रहालयाच्या काचेमागे पाहिले की फरक जाणवतो. ते ओबडधोबड आहेत, आतून घामाने आणि श्वासाने काळवंडलेले. नवे मुखवटे बाहेरून काळे असतात.

ते दिवस चांगले होते असं मात्र मी म्हणणार नाही. व्हित्तोरियो दे सेता याने 1950च्या दशकाच्या अखेरीस या मुलखात माहितीपट केले आणि 1961 मध्ये ‘बांदीती आ ओर्गोसोलो’ (ओर्गोसोलोतले दरोडेखोर) हा चित्रपट काढला, तोही खऱ्या मेंढपाळांना घेऊन. तो पाहावा. थंडी पडली की कळप खाली मैदानात न्यायचे, महिनोन्महिने घर नाही, दगडांच्या आडोशाला झोपायचं. चोरीचा खोटा आळ आला की मेंढपाळ डोंगरात पळायचा आणि पळाला म्हणून दरोडेखोर ठरायचा. अशा माणसाने पाठीवर जनावराच्या घंटा बांधून, तोंड झाकून, मुक्याने गावातून फिरावं, यात उत्सवापेक्षा दुसरंच काही असणार. ते काय, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. कुणी डायोनिसस देवापर्यंत मागे जातात, कुणी मूर कैद्यांची धिंड म्हणतात. राफाएल्लो मार्की याने 1951 साली या मुखवट्यांवर लिहिलं तेव्हापासून हा वाद चालू आहे. गावाचं त्यावाचून काही अडलेलं नाही.

मग पोरं गाव सोडून निघाली. मिलान-तुरीनचे कारखाने, बेल्जियमच्या खाणी, जर्मनी. मागे राहिलेल्यांनी सोंग टिकवलं ते संघटना काढून. आज मामोयादात मामुथोनेसच्या दोन संघटना आहेत (दोन का, हे कुठल्याही गावच्या माणसाला सांगायला नको). त्या परदेशातल्या महोत्सवांना जातात. 2001 मध्ये गावात भूमध्यसागरी मुखवट्यांचं संग्रहालय उघडलं. सोंग मरता मरता वाचलं आणि वाचलं ते बघ्यांमुळे, हे मान्य करायलाच हवं.

बदल नेमका कुठे झाला ते इस्सोहादोरेसच्या दोरीत दिसतं. वेताएवढ्या जाडीची गवती दोरी, सोहा, फेकून ते गर्दीतल्या माणसाला फासात पकडतात. पूर्वी पकडायचा तो जमीनदार, गावातला तालेवार. त्याने सगळ्यांना घरी नेऊन दारू आणि गोडधोड द्यायचं, तेव्हा सुटका. वर्षभर ज्याच्यापुढे वाकायचं त्याला एक दिवस दोरीत धरायचं, आणि तेही सगळ्यांदेखत, हसत-खेळत. आता दोरी पडते ती बहुतेक तरुण मुलींवर आणि पाहुण्यांवर. पकडलं की नशीब उघडतं म्हणतात. फोटोही छान येतो. पण जमीनदार सुटला तो सुटलाच.

शेजारच्या ओत्तानाची कथा वेगळी. तिथली सोंगं म्हणजे शिंगवाला बैल आणि त्याला हाकणारा म्हातारा. त्यांच्याबरोबर एक काळी म्हातारी असते, फिलोन्साना. हातात चाती, सूत आणि कात्री. दारू दिली नाहीत तर तुमच्या आयुष्याचा धागा कापते म्हणून ती दटावते. सोंग अर्थातच पुरुषाचं. या गावात 1970च्या दशकात सरकारी धोरणाने कृत्रिम धाग्यांचा मोठा कारखाना आणला, मेंढपाळांचे कामगार झाले की दरोडेखोरी आपोआप संपेल या हिशेबाने. पुढे कारखान्याचाच धागा तुटला. फिलोन्साना आजही फिरते.

आणि ओर्गोसोलो, मामोयादापासून दहाएक किलोमीटरवर. 1969च्या जूनमध्ये तिथल्या प्रातोबेल्लोच्या कुरणांवर लष्कराला गोळीबाराचा सराव करायचा होता. बायकामुलांसकट गाव कुरणात जाऊन बसलं आणि लष्कर माघारी गेलं. त्याच वर्षी गावातलं पहिलं भित्तिचित्र झालं. 1975 पासून फ्रांचेस्को देल कासीनो या सिएनाहून आलेल्या चित्रकलेच्या मास्तरांनी शाळेतल्या मुलांना घेऊन भिंतीच रंगवायला घेतल्या. आज दीडशेच्या वर चित्रं आहेत. पिकासोच्या वळणाचे कोनदार चेहरे, मेंढपाळ, काळ्या रुमालातल्या बायका, व्हिएतनाम, चिली. तेव्हा भिंत ही गावाची तक्रारवही होती. आता तिच्यासमोर बस थांबते. चित्रं मात्र अजूनही कुणाचीच भीड ठेवत नाहीत. पाहुणा आइस्क्रीम खात उभा असतो आणि वरून बंदूक रोखलेली असते.

गोव्याच्या वाचकाला हे ओळखीचं वाटेल. पंचांग तेच, ईस्टरपूर्वीचा उपास सुरू होण्याआधीचे दिवस. पणजीत मिरवणूक 1965 पासून, चित्ररथ, प्रायोजकांच्या पाट्या, आणि त्यावरची दरवर्षीची कुरकूर. पण चांदरला कार्निव्हलच्या सोमवारी अजून मुसळ खेळ होतो, पुरुष घुंगूर लावलेली मुसळं आपटत नाचतात. मला विचाराल तर दोन्ही असू द्यावेत. फक्त पणजीच्या पैशातला थोडा हिस्सा चांदरकडे वळला तर बरं.

मामोयादात टिकलेली एक गोष्ट मात्र तिकिटाच्या आवाक्याबाहेरची आहे. 16 जानेवारीच्या संध्याकाळी देवळासमोर मोठी आग पेटते, पाद्री तिला तीन फेऱ्या घालून आशीर्वाद देतो, आणि तिथले निखारे नेऊन प्रत्येक आळी आपापली आग पेटवते. दोन दिवस आगी जळत राहतात. सोंग एका आगीकडून दुसरीकडे जातं, आणि आळीतले लोक येईल त्याला कान्नोनाऊ द्राक्षांची तांबडी वाइन देतात. पूर्वी ही वाइन सुटी विकली जायची, नाव-गाव काही नाही. आता गावातली तरुण मंडळी आपापल्या मळ्याच्या नावाने बाटल्या भरतात, आणि त्या दूरदूरच्या हॉटेलांत जातात. शहराकडे पळालेल्यांची नातवंडं मळ्यांसाठी परत येत असतील, तर तो या साऱ्या बदलातला सगळ्यात खरा फायदा म्हणायला हवा.

कार्निव्हल संपतो तो मंगळवारी, बुधवारी कपाळाला राख लागण्याआधी. युवान्ने मार्तिस सेरो नावाच्या बुजगावण्याला गाडीवर घालून गावभर फिरवतात. त्याच्या मागे पुरुष छाती बडवत खोटं रडतात. मेला बिचारा, उपचाराला चार थेंब हवेत म्हणून दारोदार वाइन मागतात. मयताचा दाह काही शमत नाही, आणि रडणारे संध्याकाळपर्यंत इतके खरे रडायला लागतात की त्यांना घरी पोचवायला दुसरे चौघे लागतात.