सतरा नंबरची गाडी

अब्बा ज्या हातगाडीवर माल ओढायचे ती त्यांची स्वतःची नव्हती. धुळ्यात पाचकंदीलजवळ एक गाडीवाला रोजच्या भाड्याने गाड्या द्यायचा. सकाळी गाडी सोडवून घ्यायची, दिवसभर बाजारात ओढायची आणि अंधार पडला की परत साखळीला लावून भाडे चुकते करायचे. एकदा रमजानमध्ये ते इफ्तारीसाठी मशिदीत गेले आणि बाहेर आले तर गाडी गायब. मी तेव्हा सहावीत होतो. रात्री दहापर्यंत आम्ही दोघे आग्रा रोडच्या गल्ल्या पालथ्या घातल्या. अंधारात सगळ्या हातगाड्या सारख्याच दिसतात. मी बघत होतो, अब्बा ऐकत होते. एका गल्लीच्या तोंडाशी ते थांबले आणि म्हणाले, "ये अपनी है." डाव्या चाकाचा कुईं-कुईं आवाज. कुणीतरी चुकून नेली होती. सापडली नसती तर गाडीची किंमत आमच्या अंगावर पडली असती. ईदचे कपडे तर सोडाच.

हे सगळे आठवले ते जळगावच्या एमआयडीसीत. तिथल्या एका डाळीच्या गोदामात मी कॉम्प्युटरचे काम बघतो. तूर, हरभरा, मूग, उडीद. बाहेरून माल येतो, डाळ होऊन देशभर जातो. आमच्या शेडमध्ये चाळीस ढकलगाड्या आहेत. लोखंडी पाट्याच्या, चार चाकांच्या. रोज सकाळी त्यातल्या आठ-दहा सापडायच्या नाहीत. कुणी थप्पीमागे लावून ठेवलेली, कुणी बारदानाच्या ढिगाखाली, एखादी थेट काट्यापलीकडे. गाडी बाहेर उभा, हमालांची टोळी हात बांधून उभी, आणि मुकादम ओरडतोय. (इथे पहिली गाडी म्हणजे ट्रक. आमच्याकडे दोघांनाही गाडीच म्हणतात, त्यावरून भांडणेही होतात.)

मालकांनी ठरवले की गाड्यांना ट्रॅकर लावायचे. काम माझ्याकडे आले. पत्र्याच्या शेडखाली मोबाईलसारखे जीपीएस भरवशाचे चालत नाही. म्हणून प्रत्येक गाडीच्या पाट्याखाली काड्यापेटीएवढा ब्लूटूथ टॅग बसवला आणि खांबांवर रिसीव्हर. टॅगचा सिग्नल कुठल्या खांबाला जोरात येतो, त्यावरून गाडी कुठे आहे याचा अंदाज. कागदावर सोपे होते. पण पत्र्यावरून, लोखंडावरून सिग्नल उलटतो आणि डाळीच्या पोत्यांची उंच थप्पी तो गिळून टाकते. पहिल्या आठवड्यात पडद्यावर गाड्या बेडकासारख्या उड्या मारत होत्या. उत्तरेच्या दरवाजात उभी असलेली गाडी क्षणात दक्षिणेच्या थप्पीत. मी टॅग लोखंडाला चिकटवायचे सोडून मध्ये लाकडाची पट्टी दिली. मीटरमध्ये जागा सांगायचा हट्टही सोडला. गोदामाचे नऊ भाग पाडले. गाडी कोणत्या भागात आहे एवढे कळले तरी माणूस जाऊन डोळ्यांनी बघतो. यापेक्षा नेमके हवे असेल तर अल्ट्रा-वाईडबँड नावाचा प्रकार आहे, तो वीतभरापर्यंतही सांगू शकतो, पण खर्चिक. डाळीच्या पोत्यासाठी वीतभर कशाला?

गाड्या सापडू लागल्या. सकाळचा आरडाओरडा थांबला. मला खरेच आनंद झाला होता, अब्बांना फोन करून सांगितलेसुद्धा.

बॅटरी वाचवायची म्हणून टॅगमध्ये एक सोय असते: गाडी हलली नाही की टॅग झोपतो आणि अधूनमधूनच हाक देतो. पडद्यावर ती गाडी लाल दिसते. मॅनेजरसाहेबांनी लाल रंग बघितला आणि विचारले, "ही सतरा नंबर कुणाकडे असते?" तोवर गाडी कुणाची ठरलेली नव्हती, हाताला येईल ती घ्यायची. पुढच्या सोमवारपासून प्रत्येक हमालाला एक नंबर मिळाला आणि माझ्या रिपोर्टमध्ये एक रकाना वाढला, नावाचा. तो रकाना मीच टाकला. दहा मिनिटांचे काम होते.

सतरा नंबर बाबांकडे होता. साठीच्या पुढचे, अहिराणी बोलणारे, सगळ्या गोदामाचे बाबा. दुपारी जेवण आणि जोहरच्या वेळेला सगळ्याच गाड्या लाल व्हायच्या, मे महिन्यातल्या जळगावच्या उन्हात दुसरे काय होणार. पण बाबांची गाडी दिवसातले चार-चार तास लाल. साहेब म्हणाले, टोळीतून कमी करा.

खरी गोष्ट अशी की बाबा थप्पी लावायचे. गुडघे गेलेले, गाडी ढकलवत नव्हती, पण थप्पी त्यांच्यासारखी कुणाला लावता येत नव्हती. पहिला थर आडवा, दुसरा उभा, कोपऱ्यातले पोते थोडे आत झुकलेले. थप्पी चुकीची लागली तर ढासळते, खाली माणूस असला तर संपला. हे काम करताना गाडी उभीच राहणार. मी रिपोर्ट दाखवायला गेलो तेव्हा बाबा म्हणाले, "मनी गाडी उभी शे हाई तुले दिखस, मी काय करस ते नही दिखस?"

मला उत्तर देता आले नाही. हमाली पोत्यावर ठरते, तासावर नाही. टोळी पैसे आपसात वाटून घेते. मग बाबा चार तास उभे राहिले काय नि बसले काय, मालकाचा एक रुपया जात नाही. महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी कायदा झाला तो याच कामाची रीत ओळखून: हमाल कुणा एका मालकाचा पगारी नोकर नसतो, म्हणून नोंदणी, मजुरी, भविष्यनिर्वाह निधी मंडळामार्फत. घड्याळ त्या हिशेबात नव्हते, ते मी आणले. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही मी वाचून काढला. ज्या माहितीवरून माणूस ओळखू येतो ती वैयक्तिक. म्हणजे सतरा नंबर ही गाडीची माहिती. शेजारी नाव लिहिले की ती बाबांची झाली. पण नोकरीच्या कामासाठी संमतीशिवाय माहिती वापरायची वाटही त्याच कायद्यात ठेवली आहे. तिथून काही हाती लागेना.

मुकादम मालकांकडे गेला. पोत्याचा हिशेब मालकांना लगेच पटला, पण साहेबांचा मानही राखायचा होता. ठरले असे की बाबा राहतील, आणि पुढचा एक महिना रिपोर्ट बघू. नावाचा रकाना तसाच.

दुसऱ्या आठवड्यात सतरा नंबर हिरवी दिसू लागली. मला आधी वाटले बाबा गुडघे मोडत गाडी ढकलताहेत. मग पडद्यावर नीट बघितले. सतरा आणि बावीस. दोन्ही एकाच वेळी निघतात, एकाच भागात जातात, एकाच वेळी थांबतात. दिवसभर, सख्ख्या भावांसारख्या. बावीस नंबर यावलकडच्या एका तडवी पोराकडे होती, सगळ्यात जोरात पळणारी. मी चहाच्या सुट्टीत जाऊन वाकून बघितले. त्याच्या पाट्याखाली दोन टॅग होते, दुसरा सुतळीने घट्ट बांधलेला.

पोरगा मागे येऊन उभा राहिला. काही बोलला नाही, मीही नाही. रिपोर्ट खोटा आहे हे मला माहीत असताना तो रोज संध्याकाळी साहेबांना पाठवणे, हे अमानतीत बसते का? रात्री अब्बांना विचारले. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "नाम किसने लिखा था?"

महिना संपला तेव्हा नावाचा रकाना मी काढून टाकला आणि का काढला तेही साहेबांना लिहून दिले. अजून उत्तर आलेले नाही. टॅग अजून बावीसखालीच आहे. त्यामुळे खरी सतरा नंबर पडद्यावर कुठेच दिसत नाही आणि सकाळी ती हवी असली की शोधावी लागते. तिचे मागचे चाक वाजते.